रंगाऱ्याचा हात

"ते चारही पत्रे माझे आहेत," घड्याळजीच्या छपराकडे बोट दाखवत रंगारी म्हणाला.

घड्याळजी शिडीवरून खाली उतरला. तोंडात धरलेले खिळे काढून त्यानं हातात घेतले. "कशावरून?"

"रंग दिलाय मी त्यांना. माझा हात मी ओळखत नाही होय?"

हे मात्र खरं होतं. रंगारी कुंचला तिरका ओढायचा, आणि त्याचे फराटे लांबूनही कळायचे. गल्लीतली निम्मी दारं-छपरं त्याच्याच हातची. या बाबतीत त्याच्याशी हुज्जत घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

परवाच्या वादळानं गल्ली पार सोलून काढली होती. कुणाचे पत्रे कुणाच्या अंगणात, कुणाचं दार थेट तळ्यात. ज्याला जे सापडलं ते तो उचलून आणत होता आणि वर 'आमचंच' म्हणत होता. रंगाऱ्याच्या डोक्यावर तर एक जुनी ताडपत्री तेवढी उरली होती. तिच्याखाली बाळंतीण लेक आणि तिचं आठवडाभराचं पोर. पोराचं अंग सकाळपासून तापलं होतं आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं. धास्तीनं रंगाऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"बाळ कसं आहे?" घड्याळजीनं विचारलं.

"भिजतंय. कसं असणार?"

घड्याळजीनं वळून आपल्या दाराकडे पाहिलं. आत त्याची म्हातारी आई खोकत होती. मग त्यानं खिळे खिशात टाकले.

"तुम्ही ओळखता म्हणता, तर तुमचेच असतील. धरा खालून."

रंगारी भांडायच्या तयारीनं आला होता, त्याचा जरा हिरमोडच झाला. दोघांनी पत्रे उतरवले. घड्याळजीच्या घरावर नुसते वासे राहिले. तरी त्यानं पत्रे वाहायला हात लावला, शिडीही स्वतःचीच दिली. निघताना चाचरत म्हणाला, "तुमची ताडपत्री आता रिकामी झाली असेल, तर..."

"ती लागेल मला," रंगाऱ्यानं तोडून टाकलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

शेवटचा खिळा बसला आणि पहिले थेंब पडले. थोड्याच वेळात पत्र्यांवर पाऊस ताडताड वाजू लागला, पण आत टिपूस नाही. बायकोनं बाळाचं कपाळ चाचपलं. ताप उतरत होता. लेक वादळानंतर पहिल्यांदाच पाय पसरून झोपली होती. रंगाऱ्याला भरून आलं.

"गरीब गाय होऊन चालत नाही," तो म्हणाला. "आपलं असेल ते ठणकावून मागावं लागतं."

"मागितलंत ते बरं केलंत," बायको म्हणाली आणि बाळाला शेक द्यायला तिनं चूल पेटवली.

धूर वर चढला, पत्र्यांखाली घुटमळला आणि पुन्हा खोलीत उतरू लागला. बायकोनं मान वर केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिनं चारही पत्रे नीट न्याहाळले.

"अहो," ती म्हणाली, "धुराड्यासाठी तुम्ही पत्र्याला भोक पाडलं होतं, ते कुठंय?"