लेडीजच्या दाराला पडदा

गुडगावात नवनवे टॉवर उभे राहत होते, तेव्हा घरं डिझाइन करायची म्हणून वीणा पुण्याहून दिल्लीला आली. ऑफिसात तिच्या वाट्याला मात्र बागांमधली शौचालयंच आली.

एकदा साइटवरून परतताना तिला घाईची लागली आणि वाटेतलं, आपणच बांधलेलं शौचालय आठवलं. तिथे लेडीजच्या दाराला पडदा लावलेला होता. आत स्टोव्हवर डाळ शिजत होती. बाळांचे कपडे बदलायला म्हणून तिने ठेवलेल्या कट्ट्यावर बागेच्या राखणदाराचं बाळ झोपलं होतं.

"बैठिए दीदी," त्याची बायको म्हणाली. "जिसने भी बनाया, घर अच्छा बनाया. उजाला बहुत आता है."

वीणा बसली. आली कशाला होती, ते बोललीच नाही.



इतक्या वर्षांत तिने बांधलेलं हे पहिलंच घर.