नकाशामागच्या रेघा

आमच्या आर्किटेक्ट सरांच्या नव्या इमारतीचे नकाशे आजच मंजुरीला जायचे होते आणि छापलेल्या प्रत्येक नकाशामागे फिकट आडव्या रेघा उमटत होत्या. नकाशे छापणाऱ्या प्लॉटरचं हेड साफ करून झालं, कागदाचं रीळ बदलून झालं, तरी रेघा काही जाईनात. शेवटी मी मेकॅनिकला बोलावलं.

"मॅडम, आता मला इथेच एक टेबल देऊन टाका," असं म्हणत त्यानं मशीनवर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा दाराकडच्या टोकाला जाऊन बसला.

"मशीन ठणठणीत आहे. फक्त खिडकीकडे कललंय, त्यामुळे कागद तिरका ओढला जातो. गेल्या महिन्यात त्या बाजूच्या पायाखाली एक चकती घातली होती, आज आणखी दोन घालतो."

"दहा घाल बाबा," सर म्हणाले. "आपण बसलोय ती अख्खी इमारत मी उभी केली, तेव्हाही माझी एवढी धावपळ झाली नव्हती."

चकत्या बसल्या आणि पुढचा नकाशा अगदी स्वच्छ निघाला. सरांचा जीव भांड्यात पडला.

"अजून दोन-चार देऊन ठेव की," मी मेकॅनिकला म्हटलं. तो हत्यारं पिशवीत भरत होता.

 

"नाही मॅडम, उरलेल्या चकत्या खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात द्यायच्यात. तिथल्या बाई म्हणतात, बाळांचे चाकांचे पाळणे आपोआप खिडकीकडे सरकतात."