जवळजवळ नवी

दोन वर्षांत ती गिटार जेमतेम दहा वेळा पेटीबाहेर निघाली असेल. ती दवाखान्यात नर्स होती; गिटार तिने मोठ्या हौसेने घेतली होती. इलेक्ट्रिक, पण आतून अर्धी पोकळ, म्हणून आवाज कसा भरदार आणि मऊ. पण ड्यूटीवरून येऊन गिटार मांडीवर घेतली रे घेतली, की नवऱ्याला नेमका शर्ट सापडायचा नाही, लेकीचं गणित अडायचं, सासूबाईंना टीव्ही ऐकू यायचा नाही. शेवटी वैतागून तिने ती विकायची जाहिरात दिली.

रविवारी सकाळी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर बघायला आले. "अहो, ही तर कोरीच आहे!" म्हणत त्यांनी वायर स्पीकरला जोडली आणि ते वाजवायला लागले. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. लेक दारात येऊन बसली. वीस मिनिटं घरात कुणी कुणाला हाक मारली नाही.

"इतकी छान वाजतेय, मग विकता का?" मास्तरांनी तिला विचारलं.

ती तोंड उघडणार तोच नवरा म्हणाला, "हिला हौस फार हो, चिकाटी नाही."

तिने मास्तरांच्या हातातून गिटार घेतली आणि वाजवायला बसली. बोटं अडखळली, तार खरखरली.

"अगं, आवाज कमी कर," नवरा म्हणाला. "पाहुणे बसलेत."

"माफ करा मास्तर, गिटार विकायची नाही," ती म्हणाली, आणि तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.