गच्चीवरची मॅकरोनी

गेटातूनच रुचाला आपली पिवळी ओढणी शेजारच्या नारळाच्या झावळीत अडकलेली दिसली. ओढणी तिथे, म्हणजे गच्चीवरची मॅकरोनी उघडी. सकाळी सहाला पसरली होती, आता सव्वाचार झाले होते. एवढ्या वेळात मैलापूरच्या कावळ्यांनी नऊ माणसांची दोन जेवणं फस्त करून वर ढेकरही दिला असेल.

आणि सात वाजता तांबरम स्टेशनवर ट्रेकचे सगळे जमणार होते. गेल्या ट्रेकला मॅकरोनी शिजता शिजता गॅस संपला होता, आणि डोंगरावर नऊ जणांनी ती कच्चीच चावली होती. "पुढच्या वेळी ब्रेडच नेऊ," असं त्यांचा म्होरक्या कौशिक हसत हसत म्हणाला, तरी ते रुचाच्या फार मनाला लागलं. साताऱ्याहून नोकरीसाठी चेन्नईत आल्यापासून तिला मिळालेला हा एकच गोतावळा, आणि त्यालाच तिने उपाशी ठेवलं. म्हणून या खेपेला तिने मॅकरोनी घरीच पुरती शिजवून उन्हात घातली. अशी वाळवलेली मॅकरोनी उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत तयार होते, असं तिने इंटरनेटवर वाचलं होतं. फक्त घरमालकिणीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

ती एका दमात दोन जिने चढली.

गच्चीच्या मधोमध एक काळी छत्री होती. छत्रीखाली घरमालकीण कृष्णवेणीबाई बसल्या होत्या. साऱ्या गल्लीच्या त्या मामी. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर ओला पंचा, हातात काठी. समोर चादरीवर मॅकरोनी जशीच्या तशी, खडखडीत वाळलेली. पाण्याच्या टाकीवर ओळीने कावळे.

"येवढा वेळ का गे?" मामी म्हणाल्या. तंजावरकडची त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चाले. "दहाला तुझी ओढणी उडाली. तंवापासून बसलीये."

"मामी, उचलून खाली तरी न्यायचं!"

"अय्यो, अर्धं वाळलेलं आत नेलं तर आंबेल ना. येवढी वर्षं वडाम-पापड घातले, मला कळत नाही होय?"

रुचाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ सुकले होते.

"तुम्ही जेवलात?"

"कसं जेवू? कावळ्याला घातल्याशिवाय आमच्यात घास घेत नाहीत. तेचा भात रोज हितंच ठेवते. आज ठेवला असता तर तुझं हे नळीचं सेमिया राहिलं असतं का?"

मामी रागावतील म्हणून जिना चढताना रुचाने तीन सबबी जुळवल्या होत्या, त्यातली एकही आता कामाची नव्हती. परक्या गावात आपल्यासाठी कुणी दिवसभर उपाशी बसेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती पाया पडायला वाकली. मामींचे पाय तापलेले होते. "हे पाच मिनिटांत शिजतं, मामी, आत्ता करून देते," ती म्हणाली.

"पुरे, पुरे. सकाळचा भात आता विटला असेल. तुझं ते पाच मिनिटांचं दाखव बघू. लसूण नको हां."

रुचाने पाठपिशवीतली छोटी शेगडी वर आणली, आणि खालून मामींचं तूप. पाणी उकळलं तशी दोन मुठी मॅकरोनी टाकली, मीठ, मिरी घातली आणि घड्याळ धरून बसली. पाचव्या मिनिटाला एक तुकडा बोटांत चेपून पाहिला. मऊ! तिला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

पहिला चमचा कठड्यावर ठेवला. मामींनी हाक दिली, "का, का, का!"

एकही कावळा हलला नाही. सहा तास ज्या बाईने काठी उगारली तिच्या हाकेला कोण येतो? मामींनी काठी जिन्यात फेकून दिली, तरी ते टाकीवरून नुसते माना वाकड्या करून बघत राहिले. ताटली मामींच्या हातात निवत चालली. त्या तिला बोट लावीनात.

पाच वाजले. साडेपाचला निघायला हवं होतं. पण मामींना अशा सोडून रुचाचा पाय निघेना.

साताऱ्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं हात जोडतात, आणि गेलेल्याची राहिलेली इच्छा आम्ही पुरी करू म्हणतात. रुचाला दुसरा उपाय ठाऊकच नव्हता. मामींनी तिला तीनदा जेवायला बोलावलं होतं, आणि तिन्ही वेळा ती काहीतरी सांगून सटकली होती. टाकीकडे तोंड करून तिने हात जोडले.

"रविवारी मी मामींबरोबर जेवीन," ती मोठ्याने म्हणाली. "ट्रेक नसेल तेव्हा."

"अय्यो! मी अजून जित्ती हाय गे!" मामी छत्रीला धरून हसायला लागल्या.

रुचाने जीभ चावली, पण हात सोडले नाहीत. "बरं, ट्रेक असला तर सोमवारी. पण जेवीन, दर आठवड्याला."

टोकाचा कावळा उडाला. कठड्यावर उतरला, दोन उड्या मारून पुढे आला, आणि तुपातली एक मॅकरोनी चोचीत धरून नारळाकडे गेला.

मामींनी घास घेतला आणि डोळे मिटून सावकाश चावला.

"मामी, खरंच येईन हं सोमवारी," रुचा म्हणाली.

"मला सांगितलं असतंस तर विसरली असतीस," दुसरा घास घेत मामी म्हणाल्या. "तू कावळ्याला सांगितलंयस."