जाळ्यात आलं ते सगळं

ठिपका रेषेबाहेर गेला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. आरतीच्या हातातला चहा तसाच राहिला. स्क्रीनवरचा तो हिरवा ठिपका म्हणजे कोकणातल्या एका शेठची मासेमारीची बोट, आणि त्या बोटीवर तिचा नवरा अजिनाथ. ती स्वतः बसली होती पाथर्डी तालुक्यातल्या एका पत्र्याच्या खोलीत, समुद्रापासून दिवसभराच्या एसटीवर. तिनं समुद्र अजून पाहिलेला नव्हता. पण त्या बोटीचा परवाना तिला तोंडपाठ होता, कारण बोटीची नोंदवही ऑनलाइन भरायचं काम शेठनी तिच्याकडेच दिलं होतं.

परवान्यात आखून दिलेली हद्दीची रेषा ओलांडायची नाही. ओलांडलीच तर कारण त्याच दिवशीच्या पानावर लिहायचं, आणि 'पलीकडे मासे जास्त होते' हे काही कारण होत नाही. पान दुपारी बाराच्या आत भरायचं. एकदा पाठवलं की बदलता येत नाही. यात कुठं चुकलं की परवाना गेला. परवाना गेला की बोट किनाऱ्याला, आणि अजिनाथ परत उसाच्या फडात. दोन वर्षांपूर्वी त्यानं कोयता आढ्याला खोचून ठेवला होता. तो खाली काढायची वेळ घरात कुणालाच नको होती.

बोटीचा म्होरक्या तांडेल. चाळीस वर्षं दर्यात काढलेला गडी, पण पेन दिसलं की हात मागे. म्हणून बोटीवरची नोंदवही बारावी पास अजिनाथच्या गळ्यात पडली: त्यानं हातानं पान लिहायचं, फोटो आरतीला पाठवायचा, आणि तिनं ते ऑनलाइन भरायचं. सुरुवातीला यानं 'जाळं भरून आलं' एवढंच लिहिलं, बाकी रकाने कोरे. बंदरावरच्या ऑफिसातून पानं तीनदा परत आली. तेव्हा आरतीनं त्याला फोनवर चांगलंच झापलं होतं, "जाळ्यात येईल ते समदं लिवायचं. रकाना रिकामा ठिवायचा न्हाई." अजिनाथनं ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याच दिवशी नोंद आली: 'चप्पल, नग एक, डाव्या पायाची, परत सोडली.' ते ऑफिस आठवडाभर हसत होतं.

आज हसायची सोय नव्हती. ठिपका रेषेच्या पलीकडे जाऊन थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तास उलटला तरी जागचा हलेना. तेवढ्यात शेठचा फोन आला.

"बघताय ना वहिनी? एका जागी उभी आहे. म्हणजे जाळं टाकलंय. वायरलेसवर हाका मारतोय तर कोणी ओ देत नाही."

पलीकडे सुरमई लागते म्हणतात. लागली असेल, आणि तांडेलाबरोबर आपल्या शहाण्यालाही मोह सुटला असेल. तिला अजिनाथचा राग आला, मग भीती वाटली, मग पुन्हा राग आला.

साडेनऊला ठिपका वळला आणि किनाऱ्याकडे सुसाट निघाला, पोलीस दिसल्यावर चोरानं पळावं तसा.

"दुसऱ्याच्या फडात कोयता घातला म्हन की त्यानं," दारात बसलेले भिमाजी म्हणाले. ते आरतीचे सासरे. उभा जन्म ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते, त्यामुळं हद्द म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

साडेअकरा झाले. पान आलं नव्हतं, पण शेठचा फोन पुन्हा आला.

"वहिनी, वाट बघू नका. कालचीच जागा टाका, खाली दोन-चार जातीचे मासे टाका आणि पाठवून द्या. ठिपक्याचं मशीन बिघडलं होतं म्हणून मी सांगतो."

आरतीनं कालची जागा टाकली. बांगडा टाकला, वजन टाकलं. पान झकास दिसत होतं. एक बटण दाबलं की परवाना वाचत होता, घर वाचत होतं. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. भिमाजी आढ्याकडं बघत होते. आरतीचं बोट बटणावर गेलं, आणि तिनं ते सगळं पान पुसून टाकलं.

"शेठ, त्यांचं पान आल्याबिगर मी भरनार न्हाई."

"आणि परवाना गेला तर?"

"गेला तर कोयता मीच काढून देते त्यांच्या हातात."

शेठनी फोन आपटला. बाराला वीस कमी, मग पंधरा कमी. आपण शहाणपणा केला की संसारावर धोंडा पाडून घेतला, हे आरतीला कळत नव्हतं.

बाराला सात मिनिटं असताना मोबाईल वाजला. बोट रेंजमध्ये आली होती. पानाचा फोटो होता. पान भिजलेलं, शाई फुटलेली, अक्षर वेडंवाकडं. पण एकही रकाना रिकामा नव्हता. आरती पहिल्या ओळीलाच उभी राहिली. तिनं तोंडावर हात ठेवला.

भिमाजी धडपडत आत आले. "काय गं, काय गावलं म्हनतो?"

आरतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला हसूही आवरत नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि एकेक रकाना वाचून दाखवला.

"जाळं: टाकलं नाही, दोर टाकला. प्रकार: माणूस, उलटलेल्या होडीवरचे. नग: चार. स्थिती: जिवंत. वजन: केलं नाही. परत सोडले का: नाही."