शोधाआधी श्री

घेवरचंदांनी चपला टेबलाखाली सारल्या, खुर्चीवर मांडी घातली आणि ग्रंथालयाच्या संगणकावरच्या शोधाच्या चौकटीत एका बोटानं लिहिलं, ‘॥ श्री ॥ धरणगावच्या जुन्या कापूसबाजाराविषयी पुस्तके दाखवावीत, ही नम्र विनंती.’

हजारो पुस्तकं आली. श्रीकृष्णचरित्र आलं, श्रीलंकेचा प्रवास आला, श्रीखंडाच्या कृतीसुद्धा आल्या. कापसाचं बोंड काही दिसेना.

सत्तरीत एम.ए.ला बसलेल्या या साडीवाल्या शेठजींचा चेहरा पडला. सरांनी बजावलं होतं, आज संदर्भ मिळाले तर प्रबंधाला हा विषय, नाहीतर दुसरा घ्या. घेवरचंदांना दुसरा नकोच होता. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले ते याच बाजारात कापूस तोलायला.

“मॅडम, हा बठ्ठा माल, एवढा सगळा, माझ्या काय कामाचा?”

ग्रंथपाल मयुरी जवळ आली. पडदा पाहून तिनं हसू कसंबसं आवरलं.

“काका, दुकानात बाई आली, ‘चांगली साडी दाखवा’ म्हणाली, तर सगळं दुकान काढता?”

“छे! आधी विचारतो. लग्नाची का रोजची? सुती का रेशमी? मग दोनच कप्पे उघडतो.”

“इथंही तसंच. विनंती-बिनंती नको, नेमके शब्द द्या. आणि कापसाला लिहिणारे आणखी काय म्हणत असतील, तेही द्या.”

घेवरचंद खुलले. हा तर घरचाच धंदा! त्यांनी सगळं पुसलं. ‘कापूस किंवा रुई किंवा जिनिंग’ लिहिलं आणि त्याला ‘धरणगाव’ जोडलं. पण बटण काही दाबेनात.

“काय झालं?”

“असं कोरंच? आमच्याकडे श्री लिहिल्याशिवाय कुठलं काम सुरू होत नाही, मॅडम.”

मयुरीनं वाद घातला नाही. टेबलावरची एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘॥ श्री ॥’ लिहिलं आणि ती पडद्याला टेकवून ठेवली.

“आता दाबा.”

त्यांनी हात जोडले आणि बटण दाबलं.

मोजकीच पुस्तकं आली. दुसऱ्याच पुस्तकाच्या नावात धरणगावची रुई होती. घेवरचंदांना इतका आनंद दिवाळीच्या गर्दीतही झाला नव्हता. त्यांनी ती चिठ्ठी जपून खिशात ठेवली.

“बघा मॅडम,” ते म्हणाले, “चौकटीबाहेर लिहिलं तरी पोचतं देवाला.”