योद्ध्यासाठी नवा नियम

दर रविवारी टेबलाभोवती फाशांचा खेळ रंगायचा. प्रत्येक खेळाडू गोष्टीतलं एक पात्र व्हायचा, गोष्ट बायको सांगायची. राणी, राक्षस, सगळ्यांच्या तोंडचं तीच बोलायची. शेजाऱ्याचा जादूगार राणीशी तासन्‌तास गप्पा मारायचा, ती खळखळून हसायची आणि नवऱ्याच्या पोटात दुखायचं. त्याच्या योद्ध्याच्या नशिबी फासे टाकून नुसती तलवार चालवणं, नियमच तसा.

"योद्ध्याला काय तोंड नसतं?" शेवटी तो भडकला. "त्यालाही बोलू दे की."

तिने तिथल्या तिथे नियम बदलला. खुर्ची त्याच्याकडे वळवून राणीच्या आवाजात म्हणाली, "बस वीरा. आज जरा बोलू या."

त्याने दोनदा घसा खाकरला आणि रोजच्या सवयीने म्हणाला, "काम काय ते सांग."

तिने खुर्ची पुन्हा टेबलाकडे वळवली. मग फासे त्याच्यापुढे सरकवत म्हणाली, "राक्षस आलाय."